मदत हवी आहे: पावसाने शर्यत अर्ध्यात संपली तर नॅसकारचे स्टेज गुण कसे धरायचे?

नॅसकार कप या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेच्या 2024 हंगामाचे गुण एक्सेलमध्ये पुन्हा मोजतोय. विजेत्याला 40, दुसऱ्याला 35, तिथून एकेक कमी होत 36व्याला 1, त्यापुढे सगळ्यांना 1च. प्रत्येक स्टेजला (म्हणजे शर्यतीच्या ठरावीक टप्प्याला) पहिल्या दहांना 10 ते 1. प्लेऑफ गुण (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांसाठीचे) वेगळ्या रकान्यात आहेत: विजयाचे 5, स्टेज जिंकल्याचा 1. पूर्ण अंतर झालेल्या शर्यती बरोबर जुळतात.

अडतंय ते शार्लटच्या कोका-कोला 600 ला. तिथे 400 लॅप्स (ट्रॅकच्या फेऱ्या), शंभर-शंभरच्या चार स्टेज. पावसामुळे 249व्या लॅपवर शर्यत थांबली आणि क्रिस्टोफर बेल विजेता ठरला. माझं सूत्र 'स्टेजची शेवटची लॅप किंवा शर्यतीची शेवटची लॅप, यातली आधीची' घेतं, त्यामुळे अर्धवट तिसऱ्या स्टेजलाही 10 ते 1 गुण देऊन बसतं. ती स्टेज हाताने शून्य केली, पण एका शर्यतीपुरतं ठिगळ नकोय, नियमच सूत्रात हवाय.

खरी गोची डेटोना 500 सारख्या शर्यतीत. 200 लॅप्स, दुसरी स्टेज 130ला संपते, म्हणजे अर्धं अंतर आधी पूर्ण होतं. निम्मं अंतर किंवा दुसरी स्टेज, जे आधी होईल तिथे शर्यत अधिकृत धरतात, म्हणजे त्यानंतर थांबली तरी निकाल ग्राह्य.

मॅक्रो चालणार नाहीत, शीट फोनवरही उघडायची असते. ओव्हरटाइमच्या जादा लॅप्स आधीच हाताळल्यात.

तर अशी शर्यत समजा 115व्या लॅपवर अधिकृतपणे संपवली, तर दुसऱ्या स्टेजचे गुण त्या क्षणीच्या क्रमाने मिळतात, की कोणालाच नाहीत?