मदत हवी आहे: हवा २० अंश, पाणी १० अंश. सी कयाकिंगला (समुद्रात अरुंद वल्हवायच्या होडीतून फिरायला) अंगात काय घालू?

नमस्कार मंडळी. सिअ‍ॅटलला राहतो. मेअखेरीस इथून जवळच्या सान वान बेटांत मित्रांबरोबर कयाक घेऊन जायचं घाटतंय. दिवसा हवा २० अंशांपर्यंत जाईल, पाणी मात्र १०च्या आसपास. कयाक आणि स्प्रे-स्कर्ट (बसायच्या जागेत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती बसवायचं झाकण) भाड्यानं मिळतील, कपड्यांचं ज्यानं त्यानं बघायचं. एक मित्र म्हणतो ड्रायसूटच हवा, म्हणजे आत पाणी न शिरणारा अंगभर सूट. नवा घ्यायचा तर हजार डॉलरच्या वर जातो. बायको म्हणते, तेवढ्यात आईला भेटून येशील! माझ्याकडे ३ मिमीचा बिनबाह्यांचा वेटसूट (अंगाला चिकटून बसणारा रबरी सूट) आहे. त्यावर रेनकोट चढवला तर भागेल का? पोहायला उत्तम येतं, लहानपण मालवणात गेलंय. शिवाय ड्रायसूट घालून उन्हात वल्हवायचं म्हणजे उकडून निघणार ना?

खारावारा:
मालवणचं पोहणं इथे बाजूला ठेवा. एवढ्या गार पाण्यात अचानक पडलं की पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. पुढचं मिनिटभर धाप आवरत नाही. मग दहाएक मिनिटांत बोटं कामातून जातात, पॅडल-फ्लोटची (कयाकमध्ये परत चढताना आधाराला वल्ह्यावर बसवायच्या तरंगत्या पिशवीची) बकलंही लावता येत नाहीत. थंडीनं शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण बरेच जण तिथवर पोचतच नाहीत. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट हेच '१-१०-१' असं सांगतात: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. म्हणून सगळ्यात आधी लाइफ जॅकेट, तेही अंगात आणि चेन लावून. डेकवर बांधलेलं नको.

रेनकोटात गळ्यातून नि खालून पाणी शिरतं, त्याचा उपयोग शून्य. वेटसूटवर गळ्याला-मनगटाला घट्ट बसणारं पॅडलिंग जॅकेट असेल तर किनाऱ्यालगत, उथळ खाडीत एक वेळ चालेल. पण तुमच्या बेटांमधल्या अरुंद समुद्रपट्ट्यांत भरती-ओहोटीचा प्रवाह जबर असतो, पोहून काठ गाठू असं धरून चालू नका. मी तरी तिथे ड्रायसूटशिवाय उतरणार नाही. विकत कशाला, भाड्यानं देणारी दुकानं शोधा.

वल्हेकरी:
+१. ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. आत लोकर किंवा फ्लीस घाला, सुती बनियनसुद्धा नको. घातल्यावर उकिडवं बसून, गळ्याची पट्टी बोटानं जरा उचलून आतली हवा काढून टाका. उकडलं तर टोपी भिजवून घाला, नाहीतर मित्राच्या कयाकचं टोक धरून एक डुबकी मारा.

शिंपला:
गळ्याच्या नि मनगटाच्या लॅटेक्स पट्ट्या नाजूक असतात. कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढूनच सूट चढवा. आणि त्या दिवशी डोक्याला तेल नको, तेलानं लॅटेक्स खराब होतं.

धागाकर्ता:
आभार! रेनकोट रद्द. चौकशी केली, ड्रायसूट भाड्यानं मिळतोय. पण आधी वापरलेला नाही, थेट सहलीलाच घालू का?

खारावारा:
अजिबात नको. आदल्या आठवड्यात सूट घेऊन या आणि काठाशी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवा. सोबत कोणीतरी उभं असू द्या. पुन्हा कयाकमध्ये चढता येतंय का ते बघा, मग दहा मिनिटं पाण्यातच थांबा. थंडी कुठून शिरते ते तिथेच कळेल. बहुतेक हात आणि डोकं. निओप्रीनचे (वेटसूटच्या रबराचे) हातमोजे आणि हूड लागतीलच, तेही दुकानात विचारून ठेवा.