टॉवरवर ५जी आले, पण अपलोड आहे तिथेच – मदत हवी आहे

आमराई: नमस्कार. आमच्या गावातल्या जुन्या टॉवरवर गेल्या महिन्यात ५जीची उपकरणे बसवली. डाउनलोड सुधारले आहे, परंतु मला ज्यासाठी वेग हवा होता ते अपलोड हलतच नाही. मोजणीचे नकाशे उद्या संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला पोहोचायला हवेत. फोनमध्ये नेमके काय बदलावे, कृपया लवकर सांगा.

पाणंद: टॉवर किती अंतरावर आहे, फोन कोणता पट्टा (फ्रिक्वेन्सी बँड) दाखवतो आणि आपण घरात बसून पाठवता का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वाटाड्या: मोबाइलच्या मागे लागू नका. फायबरची जोडणी घ्या. मी दोन वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून निश्चिंत आहे.

आमराई: फायबर आमच्या वाडीपर्यंत आलेले नाही, आणि माझा प्रश्नही तो नव्हता. टॉवर दीड किलोमीटरवर आहे, मध्ये दाट झाडी आहे. पट्टा ३५०० मेगाहर्ट्झचा दिसतो. पाठवतो घरातूनच.

ध्रुवतारा: मग उलगडा होतो. अनेक ठिकाणी ५जी हे चालू ४जीच्या आधारावरच जोडलेले असते. फोन आधी ४जीशी जोडला जातो आणि ५जीची वाहिनी त्याला वरून मिळते. ४जीची एक वाहिनी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असते, तर ३५०० च्या पट्ट्यात ती १०० पर्यंत जाते, म्हणून डाउनलोड वाढले. मात्र टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो आणि फोन एका वॅटपेक्षा पुष्कळच कमी शक्तीने, त्यामुळे झाडी आणि भिंती ओलांडून परत पोहोचताना त्या उंच पट्ट्यात फोनचाच आवाज क्षीण होतो. फोन फक्त ४जीवर ठेवून पाहा.

जुनाखांब: असहमत. टॉवरपर्यंत फायबर नसेल, तर वर काहीही बसवले तरी गाडी तिथेच अडते. आधी ते विचारा.

ध्रुवतारा: तसे असते तर डाउनलोडही अडले असते. ते सुधारले आहे.

पाणंद: २जीवर एज (ईडीजीई, म्हणजे २जीवरचा इंटरनेटचा वेग वाढवणारी सुधारणा) आले तेव्हाही हेच अनुभवले होते. २०० किलोहर्ट्झची वाहिनी तीच राहिली, फक्त प्रत्येक चिन्हात, म्हणजे संकेताच्या एका ठोक्यात, एका बिटाऐवजी तीन बिट बसू लागले. पण ते संकेत स्वच्छ असेल तेव्हाच, त्यामुळे टॉवरजवळच्यांचा वेग वाढला आणि दूरच्या घरांना फारसा फरक जाणवला नाही.

आमराई: गच्चीवर जाऊन फोन ४जीवर ठेवला. अपलोड २ वरून ९ एमबीपीएस झाले. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

पाणंद: आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या. गच्चीवर ५जीवर किती मिळते?

आमराई: नकाशे जात आहेत, आता हात लावत नाही. ते पोहोचले की मोजून इथेच लिहितो.