'पुश युअरसेल्फ'ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ
आमच्या गावच्या तालमीला लागूनच आता जिम झाली आहे. भिंतीवर लावायच्या सूचना मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. वजनं जागेवर ठेवा, घाम पुसायला टॉवेल आणा, हे अर्ध्या तासात झालं. 'पुश युअरसेल्फ'पाशी मात्र तीन दिवस अडलोय. आधी 'स्वतःला ढकला' लिहिलं. वस्तादांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "ढकलायचं म्हंजे? दिवस ढकलत्यात, काम ढकलत्यात. पोरं हितं मेहनत ढकलाय लागली तर कसं व्हायचं?"

बरोबर आहे त्यांचं. मराठीत ढकलणं म्हणजे कसंतरी उरकणं, आणि मला नेमकं उलट म्हणायचंय. शरीर 'बास' म्हणत असताना मनाच्या जोरावर आणखी दहा बैठका काढणं, याला शब्द काय? शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

शब्दवेल
'रेटा' चालेल? त्यात ढकलण्यापेक्षा जोर आहे.

कृष्णाकाठ
संसार रेटणं, नोकरी रेटणं... तिथंही ओढूनताणूनच आलं.

निर्भेळ
आपल्याकडे घरचा, पिढ्यानपिढ्या वापरातला शब्द आहे: पराकाष्ठा. 'प्रयत्नांची पराकाष्ठा करा.' तो असताना शोधाशोध कशाला?

वऱ्हाडी पाहुणा
काष्ठ म्हणजे लाकूड ना? आमचे आजोबा सांगायचे, अंग लाकडासारखं ताठ होईपर्यंत राबणं म्हणजे पराकाष्ठा. ते अमरावतीच्या आखाड्यात जायचे, त्यामुळे मला ते पटायचं.

निर्भेळ
आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, ते काष्ठ वेगळं. लाकूड ते काष्ठ, नपुंसकलिंगी. इथली काष्ठा स्त्रीलिंगी आहे. संस्कृतात तिचा अर्थ सीमा, शर्यतीतलं शेवटचं ठिकाण. कठोपनिषदात 'सा काष्ठा सा परा गतिः' असं येतं, तीच ही. म्हणजे हा शब्द मुळातच धावपट्टीच्या टोकाचा आहे. व्यायामाला याहून जवळचा कुठला मिळणार?

आसावरी
माहिती आवडली. पण सातव्या रेपला (रेप म्हणजे एकाच हालचालीची एक आवृत्ती) मांड्या थरथरत असताना कुणी 'पराकाष्ठा करा' म्हणालं तर मी बार खाली ठेवून घरी जाईन. हा भाषणातला शब्द झाला, कानाशी ओरडायचा नाही. आमच्या जिममध्ये ट्रेनर 'निघेल, निघेल, काढ!' म्हणतो. रेप 'काढतात', चेस्ट आणि लेग्ज 'मारतात'. मराठी मुलांनीच रुळवलेली भाषा आहे ही, कुणी शिकवलेली नाही.

लाल माती
आसावरीताईंशी सहमत. माझा अनुभव सांगतो, थोडा लांबेल.

शाळेत असताना दोन वर्षं कोल्हापूरच्या एका तालमीत राहिलो. पहाटे साडेचारला उठायचं. जोर मारताना नाकाच्या शेंड्यावरून घाम थेंब थेंब शहाबादी फरशीवर पडायचा, आणि शंभर-दीडशे झाल्यावर बाजूला झालं की खाली छाती-पोटाचा ओला ठसा दिसायचा. तो किती मोठा उमटला यावरून मेहनत किती झाली ते कळायचं. वस्तादांनी 'जोर लाव' किंवा 'रेट' असं एकदाही म्हटल्याचं मला आठवत नाही. ते एवढंच विचारायचे, "दम हाय?" 'हाय' म्हटलं की "मग घे पंचवीस." 'न्हाई' म्हटलं की बरगडीवर पंजा ठेवून श्वास बघायचे. कधी "हाय अजून" म्हणून परत उठवायचे, तर कधी खरोखरच बसवायचे. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद आणि दम म्हणजे धीरही. मन आणि शरीर असे दोन खण त्या प्रश्नात नव्हतेच.

दुसरा शब्द रग. बैठकांच्या शेवटी मांडीत जी आग होते तिला आम्ही 'रग लागली' म्हणायचो. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याच्याही अंगात 'रग' असते. दुखणं आणि बळ दोन्हींना एकच शब्द! माझं मत विचाराल तर भिंतीवर लिहा: 'रग लागू दे'.

निर्भेळ
दम फारसी, रगही फारसी (तिथे अर्थ शीर). शिवाय रगेल म्हणजे मग्रूर. अशा शब्दातून मुलांवर काय संस्कार होणार?

लाल माती
निर्भेळसाहेब, मग तालमीत उरणार काय? तालीम अरबी. कसरत अरबी, मूळ अर्थ विपुलता. मेहनत अरबी, मूळ अर्थ कसोटी, संकट. जोर फारसी, कुस्ती फारसी, पैलवान फारसी, वस्ताद फारसी, खुराक फारसी. हे सगळं बाहेर काढलं तर आखाडा, बैठका आणि माती एवढंच राहील. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते याच भाषेत मेहनत करून.

निर्भेळ
जे शतकानुशतकं रुजलं ते आपलंच झालं, ते काढा असं मी म्हणतच नाही. माझा प्रश्न नव्यानं आत येणाऱ्या शब्दांचा आहे. आज 'पुश' येईल, त्याच्या मागून 'फेल्युअर', 'रिकव्हरी', 'बर्न' येतील, आणि 'रग लागली' म्हणणारं पोरगं दहा वर्षांनी सापडणार नाही. तुम्ही आत्ता सांगितलं नसतं तर निम्म्या लोकांना तो शब्द कळलाही नसता. म्हणून मी भांडतो.

लाल माती
या शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं.

शब्दवेल
शिकस्त! 'प्रयत्नांची शिकस्त'. गंमत बघा, उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव आणि मुळात मोडणं. मराठीनं त्याचं 'मोडेपर्यंत प्रयत्न' करून टाकलं. व्यायामात स्नायू थोडे तुटतात आणि मग भरतात असं म्हणतात, म्हणजे शब्द चपखल बसतो. तसंच 'अंग आंबणं'. स्नायूत आम्ल साठतं हे आपल्या बायकांना पाट्यावर वाटताना केव्हाच कळलं होतं.

फिजिओताई
आंबणं हा शब्द मलाही फार प्रिय आहे, पण त्याला आम्लाशी जोडू नका. तुम्ही ज्याला आम्ल म्हणता ते, म्हणजे व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट, तास-दीड तासात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं, आणि वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली आणताना या इजा जास्त होतात.

आणि 'मोडेपर्यंत' असं भिंतीवर कृपा करून लिहू नका. बऱ्याच दिवसांनी येऊन पहिल्याच दिवशी ईर्षेनं पाचशे बैठका मारणाऱ्याचे स्नायू कधीकधी खरोखर विरघळू लागतात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडावर बेततं. तशी लघवी दिसली तर घरी शेकत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे थांबण्याचाही शब्द आहे, बलार्ध. सुश्रुतसंहितेत 'बलस्यार्धेन कर्तव्यो व्यायामः' असं सांगितलंय, म्हणजे निम्म्या ताकदीनं करावा. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली, की निम्मं झालं असं समजायचं.

लाल माती
ताई, निम्म्या बळावर पैलवान तयार होत नाही. त्या घामानंतरच आमची मेहनत सुरू व्हायची.

फिजिओताई
म्हणून तर तुमचे वस्ताद बरगडीवर हात ठेवायचे! आम्ही तेच पट्टीनं करतो. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० अशी मोजपट्टी आहे. व्यायाम किती जड जातोय त्याला माणसानं स्वतःच आकडा द्यायचा. त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे मिनिटाचे ठोके येतात. स्वस्थ बसल्यावर ते साठच्या आसपास असतात, म्हणून ती सहापासून सुरू होते. मी पेशंटला मराठीत 'किती जड जातंय?' एवढंच विचारते. हलकं, जरा जड, जड, फार जड. सगळ्यांना कळतं, शेतमजूर बाईला सर्वांत आधी.

आसावरी
माझ्यासाठी हा प्रश्न ताकदीचा कधी नव्हताच. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा साठ किलोचा बार खांद्यावर घेतला. गुडघे वाकवायच्या आधी दोन सेकंद असे असतात की मणक्यावर थंड लोखंड आहे, मागे स्पॉटर, म्हणजे बार सावरायला थांबलेला साथीदार, उभा आहे, आणि खाली गेलो तर वर येऊ का, एवढंच डोक्यात असतं. तिथं जे करावं लागतं त्याला आई 'हिय्या करणं' म्हणायची, रात्री विहिरीवर एकटीनं जाण्याबद्दल. 'मनाचा हिय्या'. हृदयापासूनच आला असावा. मानसिक बाजूसाठी मला हाच शब्द खरा वाटतो.

आधीच्या एका जिममध्ये 'नो पेन, नो गेन' असं ओरडून माझ्याकडून वजन उचलून घेतलं होतं. चार महिने उजवा हात डोक्यावर जात नव्हता, वेणी मुलगी घालायची. म्हणून कळ आणि रग यांतला फरक सांगणारी पाटी कुणी लावली तर मी त्या जिमला दुवा देईन.

वऱ्हाडी पाहुणा
'कस लावा' कसं वाटतं? कसलेला पैलवान, कसून मेहनत. सोन्याचा कस आणि अंगाचा कस एकच.

निर्भेळ
एक नाहीत. सोन्याचा कस संस्कृत 'कष' म्हणजे कसोटीच्या दगडापासून, निकषही त्यातूनच. 'कसून' हे मात्र कसून बांधण्यातलं, आवळण्याचं.

शब्दवेल
आणि 'कसेल त्याची जमीन'? ते कृष् धातूपासून. माझ्या मते कसलेला पैलवान शेतातून आला. नांगरून नांगरून जशी जमीन कसदार होते, तसं शरीर.

निर्भेळ
पण 'कसदार'मधला कस म्हणजे सत्त्व. हा चौथा झाला.

कृष्णाकाठ
चर्चा वाचून डोकं भरलं, मनापासून आभार. सध्या माझ्या कागदावर 'अंग चोरू नका' आहे. ढकलण्याच्या बरोबर उलट, आणि त्यात 'स्वतःला' नाही. खरी अडचण त्या 'स्वतःला'चीच होती असं आता वाटतंय. ढकलणारा मीच आणि ढकलला जाणाराही मीच, ही फोड मराठीला जमत नाही. वस्तादांनी मान हलवली.

आसावरी
नवीन आलेल्या बाईला ते वाचून वाटेल, माझ्यावरच संशय आहे. आधीच सगळे बघतायत असं वाटत असतं तिला.

लाल माती
वस्तादांनी मान हलवली ना? मग छापा.

फिजिओताई
निदान खाली बारीक अक्षरात 'रग चालेल, कळ आली तर थांबा' एवढं घाला.

वऱ्हाडी पाहुणा
एक राहिलंच. पहिल्या प्रश्नात 'बैठका काढणं' लिहिलंय. आमच्याकडे बैठका मारतात. काढतात त्या उठाबशा, शाळेत, कान धरून.

कृष्णाकाठ
आमच्याकडे दोन्ही ऐकलंय. नक्की काय म्हणतात ते उद्या पहाटे तालमीत कान देऊन ऐकतो.