स्नॉर्केलच्या आधी ब्रीदर

मनाली ते काझा प्रवासासाठी महिंद्रा थारला स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी), लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग) आणि छतावर कॅरिअर बसवावा का, या प्रश्नाला बहुतेकांनी होकार दिला आहे. मी मात्र कामांचा क्रम बदलण्याचा आग्रह धरेन. या वाटेवरच्या ग्रांफू ते बातल या टप्प्यावरचे नाले दुपारी बर्फ वितळल्यावर फुगतात आणि तेथे इंजिनाइतकाच धोका ॲक्सललाही असतो. चालून तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलमधला, चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरचा डबा) बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि ब्रीदर (या डब्यात हवा आत-बाहेर जाऊ देणारी छोटी वाट) चिकटलेला किंवा सील झिजलेले असतील, तर पाणी आत ओढले जाते. गिअर ऑइल दुधाळ होते, बेअरिंग गंजू लागतात, आणि हे सारे गाडी घरी परतल्यावर काही आठवड्यांनी आवाजाच्या रूपाने कळते. म्हणून पुढच्या व मागच्या डिफरन्शियलच्या ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक उंचावर न्यावे, आणि परतताच डिफरन्शियलचा ऑइल प्लग उघडून ऑइलचा रंग तपासावा.

लिफ्टमुळे सीव्ही जॉइंटचे (चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांच्या लवचीक सांध्यांचे) कोन वाढतात आणि त्यांच्यावर ताण येतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालणारे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात घ्यावे लागते. कॅरिअरबद्दल एवढेच, की २० लिटर पाणी म्हणजे वीस किलो, आणि ते वजन छतावर नव्हे, सीटमागे खाली घट्ट बांधलेले असावे. नाले मात्र सकाळीच ओलांडावेत.