थंडीचा आठवडा आणि कापसाचा स्नोमॅन: बालवर्गात दुसरं काय घेता येईल?

निफाडची_छोटीबाई

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या एका गावात छोट्या इंग्रजी शाळेत ज्युनियर केजीला शिकवते. वर्गात २७ पोरं, वय चार ते पाच. मदतनीस मावशी एकच, आणि तिचा अर्धा दिवस शू-शी आणि पाण्याच्या बाटल्यांत जातो.

पुढच्या आठवड्यात शाळेत 'विंटर वीक' आहे. वरून व्हॉट्सअ‍ॅपवर नमुने आलेत: कापसाचा स्नोमॅन, काळ्या कागदाचा पेंग्विन, हातमोज्यांची जोडी जुळवा. शनिवारी पालक येणार, तोवर बोर्ड पांढराशुभ्र दिसला पाहिजे.

गेल्या वर्षी हे सगळं केलं होतं. फेविकॉलचे हात आणि कापूस, म्हणजे प्रत्येक पोराच्या बोटांना दाढी. एकाने थर्माकोलचा मणी नाकात घातला, तो काढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि सगळं झाल्यावर एका पोरीनं विचारलं, "टीचर, या बुजगावण्याच्या नाकात गाजर का कोंबलंय?"

मला उत्तरच देता येईना. तिच्या दृष्टीनं ते बुजगावणंच होतं, आणि बुजगावण्याला नाक नसतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

आमच्याकडे थंडी नाही असं नाही. पारा पाच-सहा अंशांवर येतो, पोरं कानटोपीतून फक्त डोळे दाखवत येतात. पण या थंडीचं वर्गात करायचं काय, ते सुचत नाही. खर्च जवळजवळ शून्य हवा. आणि बोर्डावर लावायला काहीतरी उरलंही पाहिजे, नाहीतर माझी धडगत नाही.

टोमणेबाज_तात्या

पेंग्विनला कानटोपी घाला आणि खाली 'आपले पाहुणे, निफाड द्राक्ष महोत्सव' असं लिहा. वरचे खूश, खालचे खूश.

जुनी_बालवाडीबाई

तात्या, तुम्ही गप बसा जरा.

अगं छोटीबाई, मी बत्तीस वर्षं बालवाडी चालवली, मंगळवेढ्याच्या बाजूला. आमच्याकडे तुमच्याइतकी कडक थंडी नसते, तरी सांगते.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. नवी होते तेव्हा मीही थंडीचा दिवस साजरा केला होता. 'उद्या सगळ्यांनी लाल स्वेटर घालून या.' दुसऱ्या दिवशी पटावर सहा गैरहजर. मला वाटलं सर्दी-खोकला. संध्याकाळी एका घरावरून जाताना आमचा एक गडी अंगणात दिसला, आईच्या जुन्या लुगड्याची गाती मानेमागे बांधलेली. मला बघून आत पळाला. स्वेटर नव्हता, लाल नव्हता आणि निळाही नव्हता. त्यानंतर मी 'घरून आणा' हा शब्दच टाकून दिला. वर्गातच एक पेटी ठेवली: एक बटणांचा स्वेटर, एक कानटोपी, एक मफलर, एक गातीचं फडकं. सगळ्यांनी पाळीपाळीनं तेच घालायचं आणि काढायचं. बटण काजात घालणं हे चार वर्षांच्या बोटांना सुईत दोरा ओवण्याइतकं अवघड काम आहे. वरून खाली पाच बटणं मोजत लावली की अंक वेगळे शिकवायला नकोत. आणि गाती बांधता येणारं पोर त्या दिवशी वर्गाचा मास्तर होतं. आमच्या त्या गड्यानं अख्ख्या वर्गाला गाती बांधायला शिकवली.

आता तेलाची बाटली. हे माझं सगळ्यात आवडतं.

दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घे. एकीत खोबरेल, दुसरीत तिळाचं तेल. रात्रभर शाळेच्या खिडकीत ठेव. सकाळी खोबरेल पांढरं दगड झालेलं असतं, तीळतेल तसंच हलतं. (खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे तुमच्याकडे शंभर टक्के.) बाटल्या मुलांच्या हातात दे आणि स्वतः तोंड बंद ठेव. हे शेवटचं सगळ्यात कठीण. पोरं बाटली उलटी करतात, कानाशी हलवतात, वास घेतात. 'का झालं' असं विचार, पण बरोबर उत्तराची वाट बघू नकोस. आमच्याकडे आलेली उत्तरं अशी: ते झोपलंय. त्याला हीव भरलंय. रात्री कुणीतरी मेण ओतलं. मग विचार, 'याला उठवायचं कसं?' एकानं फुंकर मारली, एकीनं ओढणीत गुंडाळलं, एक उन्हात ठेवायला धावली. आणि एका पठ्ठ्यानं बाटली सदऱ्याच्या आत पोटाशी धरली आणि भिंतीला टेकून बसला. काय करतोस विचारलं तर म्हणाला, "गप, शिजतंय." अर्ध्या तासानं काढली तर कडेकडेनं तेल सुटलं होतं आणि मधला पांढरा गोळा बाटलीत फिरत होता. अख्खा वर्ग त्याच्या पोटाला हात लावून बघत होता.

घन-द्रव वगैरे म्हणू नकोस. 'थिजलं' आणि 'पातळ झालं' हे दोन शब्द पुरे. तूप कसं थिजतं ते घरी बघून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी गोष्टीच गोष्टी.

तिसरं, स्टीलचं ताट. सकाळी ताट गार असतं. त्याच्यावर तोंड मोठ्ठं उघडून 'हाऽऽ' करायचं. वाफ धरते, त्यात बोटानं टिकली काढायची, रेघ काढायची, जमलं तर 'ग' काढायचा. दोन क्षणांत पुसलं जातं. पाटी-पेन्सिल धरायला कंटाळणारी पोरं ताटावर वीस वेळा 'ग' काढतात, कारण तो जातो. आणि 'हाऽऽ' केल्यावर वाफ धरते, पण 'फूऽऽ' केल्यावर धरत नाही, हे त्यांना स्वतःला सापडू दे.

साहित्य विकत घ्यायचं नाही, अंगणातून उचलायचं, हे आम्ही कोसबाडच्या परंपरेतून शिकलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं त्या आदिवासी पाड्यांवर कुठून येणार? मग गोटे, बिया, पानं, शिंपले. तुझ्याकडे तर आत्ता हरभऱ्याचे घाटे आहेत, बोरं आहेत, तीळ आहेत. एकेक तीळ चिमटीनं उचलून वाटीत टाकायला लाव, पुढे पेन्सिल धरायला मदत होते. आमच्याकडे जानेवारीत ज्वारीचा हुरडा असायचा. भाजलेलं कणीस मी चोळायची, पोरांनी सुपात फुंकर मारून कोंडा उडवायचा. फुंकर कमी पडली की कोंडा तसाच, जोरात मारली की हुरडाही जमिनीवर. बरोबर किती जोरात, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. बोबड्या मुलांना तर मी मुद्दाम फुंकायला बसवायची.

एक राहिलं. फरशीवर बसवू नकोस. पोती अंथर, नाहीतर पहिला तास बाहेर उन्हातच घे. गारठलेलं पोर काही शिकत नाही, नुसतं शाळा सुटायची वाट बघतं.

बर्फातली_मराठी_आई

मी मिनेसोटात, मिनियापोलिसजवळ एका बालवर्गात मदतनीस आहे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले नमुने बहुधा आमच्यासारख्या वर्गांतले, म्हणून लिहिते.

इथे स्नोमॅन शिकवावा लागत नाही, तो खिडकीबाहेर असतो. आमचा हिवाळ्यातला मुख्य 'उपक्रम' म्हणजे बाहेर खेळायला जाताना कपडे घालणं. आधी जाड विजार, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, हातमोजे सगळ्यात शेवटी. कुणी हातमोजे आधी घातले की त्याला चेन ओढता येत नाही, मग रडू. अठरा मुलांना तयार करायला वीस मिनिटं लागतात, आणि दारात पोचल्यावर एकाला हमखास शू लागते. आधी काय, नंतर काय, हे मुलं यातूनच शिकतात. हातमोज्यांची जोडी जुळवा हा खेळ इथे खेळ नसतो, रोज टोपलीत चौदा डावे मोजे उरतात.

वर्गात आम्ही वाडगंभर बर्फ आणून ठेवतो. मुलांना वाटतं वाडगंभर पाणी होईल. तासाभरानं तळाशी थोडंसं पाणी आणि दोन काड्या. "बाकीचा कुणी खाल्ला?" हा प्रश्न दर वर्षी येतो.

म्हणजे बालवाडीबाई म्हणतात ते खरंच आहे. तुमचं थिजलेलं खोबरेल आणि आमचा वितळलेला बर्फ, धडा एकच. तुमच्याकडे स्नोमॅन म्हणजे नुसता कापूस. आमच्याकडे तो विजार भिजवतो.

सुतळी_मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, वरचे वर्ग. एक सोपी गोष्ट सुचवतो, सावली.

डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे भरदुपारीही सावली लांब. निफाडच्या अक्षांशावर या दिवसांत साडेबाराच्या सुमारास मीटरभर उंचीच्या मुलाची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. म्हणजे पोर आणि त्याची सावली जवळजवळ एकाच मापाचे! चार-पाच वर्षांचं पोर साधारण तेवढंच उंच असतं, हा योगायोग वाया घालवू नका. सकाळी नऊला तीच सावली जवळजवळ अडीचपट. दोन्ही वेळा मैदानात पाय ठेवायची जागा खडूनं आखा, त्याच जागी उभं करा, सावलीच्या टोकाला गोटी ठेवा, सुतळीनं मापा. सुतळीचे तुकडे नावाच्या चिठ्ठीसह बोर्डावर टांगा. तुमचा बोर्डाचा प्रश्न मिटला.

२० मेच्या आसपास तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सावली थेट पायाखाली. तेव्हा सुट्टी असते हे दुर्दैव. पालकांना सांगून ठेवा.

काळजीवाहू_बाबा

दोन सूचना. संक्रांतीला लाडू करणार असाल तर गुळाचा पाक मुलांजवळ नको, फार भाजतो. भाजलेल्या तिळाचं कूट आणि किसलेला गूळ नुसता मळूनही लाडू वळतात. दुसरं, अख्खे शेंगदाणे आणि बोराच्या बिया लहान मुलांच्या घशात अडकतात. मोजायला द्या, पण एकटं सोडू नका. शेकोटी तर शाळेत नकोच, कृत्रिम धाग्याचे स्वेटर भुर्रकन पेटतात.

निफाडची_छोटीबाई

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, आठवडा संपला आणि मीही संपले.

बालवाडीबाई, तुमची बाटली केली. आमच्याकडे पोटाशी कुणी धरली नाही, पण एकानं ती पाण्याच्या टाकीच्या काळ्या पत्र्यावर नेऊन ठेवली, 'तिथं मांजर बसतं' म्हणून. दहा मिनिटांत सुटली. गुरुवारी सकाळी बाटली अर्धी. ऑफिसातल्या कुणीतरी डोक्याला लावलं होतं.

तोंड बंद ठेवायचं म्हणालात ते मात्र जमलं नाही. तीनदा बोललेच.

खरी गंमत वेगळीच झाली. ताटाचा खेळ चालू होता आणि एक पोरगा भिंतीला टेकून पेंगत होता. रागावणार होते, पण विचारलं. म्हणाला, "पप्पांबरोबर बागेत होतो. रात्री जाळ केला. द्राक्षांना थंडी वाजते, मणी फुटतात." मग काय, आणखी चौघं सुरू. कुणाच्या बागेत किती शेकोट्या, कुणाच्या बाबांनी पहाटे ठिबकचं पाणी सोडलं, धुरानं कुणाच्या आईचे डोळे लाल झाले. माझ्या ताटाकडे कुणी बघेना. मी फळ्यावर वेलीचं चित्र काढलं आणि त्यांनी मला दुरुस्त केलं, घड असे वर नसतात, खाली लोंबतात. अर्धा तास मी विद्यार्थिनी. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, हे मला नंतर कळलं.

अंगणात धोबी पक्षी येतो, शेपूट वरखाली करणारा. तो बघायला सगळ्यांना चवड्यांवर नेलं. २७ जणांनी एकदम "टीचर, तो बघाऽऽ" केल्यावर काय होणार! उडाला तो कदाचित थेट नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेला असेल. पोरं मात्र दिवसभर कंबर हलवत चालत होती.

बोर्डावर सुतळ्या टांगल्या, ५४. नऊच्या लांब, साडेबाराच्या आखूड, खाली नावं. एका आजोबांनी नातवाची आखूड सुतळी काढून त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत लावून बघितली आणि बाकीच्या पालकांना बोलावून दाखवली. कोपऱ्यात एक छोटा स्नोमॅनही लावला, वाद नको म्हणून. बुजगावणं म्हणणारी पोरगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "हा उन्हात कशाला ठेवलाय?" बर्फातल्या ताईंचा वाडग्याचा किस्सा मी सांगितला होता, तो तिच्या ध्यानात होता.

आता पुढचं. पालक बोरन्हाण करू म्हणतायत, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा सगळं ते आणणार. खाली पडलेलं गोळा करून वाट्यांमध्ये वेगळं करायला लावीन म्हणते, बियांवर नजर ठेवून. पण संक्रांतीच्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन आहे. नंतर केलं तर चालतं ना?

जुनी_बालवाडीबाई

रथसप्तमीपर्यंत कधीही कर. आणि टोपलीभर बोरं आधी बाजूला काढून ठेव, नाहीतर मोजायला एकही उरत नाही.