‘पॉप्टी पिंग’ला हसायचं कशाला?

रानजाई: मी वेल्समध्ये, कार्डिफला राहते. काल एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं की वेल्शमध्ये मायक्रोवेव्हला ‘पॉप्टी पिंग’ म्हणतात, आणि खाली हसऱ्या इमोजींची रांग. अरे, पॉप्टी हा नीट शब्द आहे, ओव्हन. ‘पोबी’ म्हणजे भाजणं आणि ‘टी’ म्हणजे घर, ब पुढे कठोर व्यंजन आलं की त्याचा प होतो, आपलं क्षुध् + पिपासा = क्षुत्पिपासा तसंच. आधी भटारखाना, मग घरातला ओव्हन, आता त्यातला पिंग वाजणारा. आपण फटफटी म्हणतो तेव्हा कोण हसतं?

खवचट_काका: फटफटी आपण आपल्यासाठी केली ताई, इथे उलटं आहे. खरा शब्द ‘मैक्रोडॉन’, त्यात ‘टॉन’ म्हणजे लाट, समासात ट चा ड झालाय. तो कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण पिंग दाखवून ‘बघा यांच्याकडे शब्दच नाही’ म्हणता येतं. आपल्याला नाही का सिग्नलच्या त्या अग्निरथगमनागमन-पुढचं-विसरलो वरून चिडवत? थट्टेचा शब्द, थट्टेतच राहू दे.

व्याकरणवेडा: भांडा, पण उच्चार तरी नीट करा. जोर ‘पॉप’वर, popty मधला शेवटचा वाय म्हणजे ऱ्हस्व इ, ‘पॉप्टाय’ नाही. कम्री (Cymru) म्हणजे वेल्सचं वेल्श नाव, त्याच्या स्पेलिंगमध्ये तोच वाय पहिल्या अक्षरात येतो तर चक्क अ होतो. आणि पिंगमध्ये ग नाहीच, नुसता वाङ्मयातला ङ, वेल्श मुळाक्षरांत त्याला स्वतंत्र जागा आहे. बाकी पोबी आणि आपलं पचन, पक्वान्न एकाच मुळाचे, हे हसणाऱ्यांना सांगा.

पोदेराची_सायकल: दक्षिण वेल्समध्ये पॉप्टीपेक्षा ‘फुर्न’ जास्त चालतो ना? तो लॅटिन ‘फुर्नुस’वरून. आमच्या गोव्यात पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी म्हणजे ‘फोर्न’, पोर्तुगीजांकडून आलेला, मूळ तेच लॅटिन. पाव भाजायला दोघांनी एकाच घरचा शब्द नेला 😄

रानजाई: @खवचट_काका आमच्या शेजारच्या आजी मूळच्या उत्तर वेल्समधल्या कार्नार्वनच्या, घरात वेल्शच बोलतात, नातवाला सूप गरम कर सांगताना पॉप्टी पिंगच म्हणतात. हसत म्हणतात हे मान्य.

खवचट_काका: मग मैक्रोडॉन कधीच म्हणत नाहीत का?

रानजाई: म्हणतात की. बिघडल्यावर, रिपेअरवाल्याला फोन करताना.