'सेलेस्तीना'ची चित्रं: नोकरांना मान मिळाला की फक्त जागा?

माजघर: १४९९ च्या सुमारास स्पेनमधल्या बुर्गोसमध्ये फाद्रिके दे बासिलेआने छापलेली 'सेलेस्तीना', म्हणजे ते स्पॅनिश संवादरूप पुस्तक, कोणी पाहिलं आहे का? कालिस्तो-मेलिबेआचं प्रेम, ते जुळवणारी म्हातारी कुंटीण सेलेस्तीना, आणि तिच्याशी संगनमत करणारे नोकर सेम्प्रोनियो व पार्मेनो. एकच प्रत उरली आहे, न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत. अंक सोळा, लाकडी ठशांची चित्रं सतरा. माझं म्हणणं असं की नोकरांना माणूस म्हणून आधी या चित्रांनी वागवलं. सरदारपुत्र आणि त्याचा गडी एकाच चौकटीत, एकाच जमिनीवर!

खिळेजुळारी: असहमत. आमच्या घरी छापखाना होता. लग्नपत्रिकेचा गणपतीचा ब्लॉक एकच, तो तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना पुरला. तिकडेही तेच. सेव्हिलच्या क्रोम्बेर्गर छापखान्याच्या आवृत्त्या बघा: बाप्याचा एक ठोकळा, बाईचा एक, झाडाचा, घराचा. शेजारी शेजारी लावायचे, डोक्यावर अक्षरांच्या खिळ्यांनी नाव जुळवायचं. आज कालिस्तो, उद्या दुसऱ्या पुस्तकात दुसराच कोणी. नोकर मालकाएवढा उंच का? कारण ठोकळे एका उंचीचे नसतील तर फर्मा, म्हणजे खिळे-ठोकळ्यांची चौकट, आवळताना घाम फुटतो. समता कसली!

माजघर: अहो, 'सेलेस्तीना'त ती पद्धत नंतर आली, आणि तीही १४९६ मध्ये स्ट्रासबुर्गला ग्र्युनिंगरने छापलेल्या रोमन नाटककार तेरेन्सच्या नाटकांवरून उचललेली. मी बुर्गोसबद्दल बोलतेय. तिथे प्रसंग अखंड ठशात, या पुस्तकासाठीच कोरलेले.

खिळेजुळारी: बरं, बुर्गोसपुरतं मान्य. पण कोरणाऱ्याने वाचून कोरलं की छापखानेवाल्याने "इथे दार काढ, इथे म्हातारी" एवढंच सांगितलं, हे ठशावरून कसं कळणार?

उंबरठा: दोघंही चित्रांना फार भाव देताय. नोकरांना मोठं केलं ते लेखकाने, फर्नांदो दे रोहासने. बारावा अंक आठवा. मध्यरात्र, बंद दाराच्या फटीतून मालक प्रेमाचं बोलतोय, आणि बाहेर पहाऱ्याला उभे दोघे शूर गडी खुट्ट झालं की पळायच्या तयारीत. त्याच रात्री वाटणीवरून ते सेलेस्तीनाला मारतात आणि पुढे त्यांची मुंडकी उडतात. शिडीवरून पडून कालिस्तो मेला तेव्हा त्याचा दुसरा नोकर त्रिस्तान सोबतच्या सोसियाला काय सांगतो? धन्याचा मेंदू दगडांवरून गोळा कर! हे वाक्य असताना चित्र लागतं कशाला?

आणि छापखानेवाल्यांनी प्रत्येक अंकाआधी सारांश घातले म्हणून रोहास पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कुरकुरला होताच. जुन्या लेखकांना असलं काही लागत नसे, म्हणे.

माजघर: कुरकुरला तो सारांशांवर. चित्रांबद्दल तिथे चकार शब्द नाही.

उंबरठा: नाही, म्हणजे आवडली असं थोडंच?

खिळेजुळारी: मला तर वाटतं, चित्र म्हणजे पात्रयादी. हे पुस्तक मोठ्याने वाचायचं, चारचौघांत. संवादच संवाद, कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला कळायला हवं. वाचणारा पान फिरवून दाखवत असेल: हा पार्मेनो, ही मेलिबेआची लुक्रेसिया.

माजघर: मग यादीत लुक्रेसियाचं नाव येतंच ना? दासी आहे ती. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय!

खिळेजुळारी: बाजू नाही हो, ठोकळा बोलतोय.